फ्लॉपीचं कपाळ

या ग पोरींनो, अशा जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या, सतरंजी मोठी आहे. कीर्तनाला बसतो तशी मांडी घालून बसा, कारण मी सांगणार ती गोष्ट प्रेमाची असली तरी तिच्यात टाळ आहेत, देव आहे आणि एक गुरुजीही आहेत. गोष्ट गोड आहे, एवढं वचन आत्ताच देते. मधे एका जागी काळजात जराशी कळ येईल... तेवढी सोसा.

एकोणीसशे एकोणनव्वद सालचा श्रावण. धुळ्याच्या एका मिशन कॉलेजात संगणकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झालेला. विद्यार्थी सोळा आणि संगणक चार. त्या चारांसाठी वेगळी खोली, खिडक्यांना जाड पडदे, गारवा करणारं यंत्र. धूळ आत जायला नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. आता गावाकडच्या माणसाला चप्पल काढून आत जा म्हटलं की त्याचे हात आपसूक जुळतात. जिवली पहिल्या दिवशी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवून आत गेली. मागची मुलं हसली. यात हसण्यासारखं काय, ते तिला कळलं नाही.

जिवली सातपुड्याच्या पायथ्याची. चोपड्याच्या वर डांबरी रस्ता संपतो, तिथून पुढं चार कोस पायवाट, त्या पायवाटेच्या टोकाच्या पाड्यावरची. बाप सिंगा पावसाच्या भरवशावर शेत करायचा आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायचा. पोरगी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकली, गणितात दरवर्षी पहिली आली, आणि गणिताचं बोट धरून या गार खोलीपर्यंत येऊन पोचली.

त्या पहिल्याच दिवशी दुपारी वीज गेली. पडद्याआडच्या अंधारातून सगळे चाचपडत बाहेर आले. दारात चपलांचा ढीग, आणि त्यात निम्म्याहून जास्त निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर, सगळ्या पाचकंदिलच्या बाजारातल्या. जिवलीला आपली एक सापडली. दुसरी सापडली ती होडीएवढी. काय करते बिचारी, तीच घालून फटक फटक करत निघाली. बाहेर श्रावणाची भुरभुर, मधेच ऊन. आणि पुढं एक उंच मुलगा लंगडत चाललेला... त्याच्या एका पायाची टाच स्लिपरच्या बाहेर दोन बोटं लोंबत होती.

"अहो... थांबा जरा."

तो थांबला.

"पाय दुखतो का तुमचा?"

"नाही हो. पण ही एक चप्पल आटल्यासारखी वाटतेय. पावसानं रबर आटतं का?"

"रबर आटत नाही," जिवली म्हणाली, "ती माझी आहे."

त्यानं आधी स्वतःच्या पायाकडं पाहिलं, मग तिच्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"म्हणजे माझी एक तुमच्याकडं..."

"आहे की. तिच्यात माझे दोन्ही पाय मावतील."

एका पायावर उभं राहून अदलाबदल करताना त्याचा तोल गेला आणि त्यानं कडुनिंबाच्या फांदीला धरलं. फांदीवरचं सगळं पाणी दोघांच्या डोक्यावर सांडलं. जिवलीला हसू आवरेना.

"मी रुपचंद," तो चेहरा पुसत म्हणाला. "चोपड्याजवळचा. केळीवाले आम्ही."

"मी जिवली. चोपड्याच्या वरची."

"मग आपण एकाच गाडीनं येतो की."

"गाडी तुमच्या गावापाशी येते," ती म्हणाली. "मी आधी चार कोस चालते."

ती सहज बोलून गेली. पण ते वाक्य रुपचंदच्या मनात जे रुतलं, ते रुतूनच राहिलं.

आता गुरुजींकडं वळू. नाव जीवराम सर. पांढरा सदरा, खिशाला चार पेनं, आणि तोंडात एकच मंत्र: "आधी कागद, मग यंत्र." प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, ओळ न् ओळ बोटानं चालवून दाखवायची, मगच खोलीत पाऊल. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी हेच सर कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात चिपळ्या घेऊन उभे राहायचे. ख्रिस्ताचं कीर्तन करायचे, पण आपल्या देवळातल्या बुवांसारखंच! पूर्वरंग, उत्तररंग, मागं पेटी, बाजूला टाळकरी. माझ्यासारखी कीर्तनवेडी बाई त्या मंदिराच्या पायरीवर किती वेळा बसली असेल, मोजदाद नाही. देव कोणाचाही असो, गळा खरा असला की डोळ्यांना पाणी येतंच.

रुपचंद गावच्या भजनी मंडळातला. सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात टाळ दिले. जिवली बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची. ऐकता ऐकता तिची नजर टाळांवर जायची... आणि टाळ वाजवणाऱ्या हातांवरून ती लवकर परत यायची नाही.

एकदा मात्र ती अडली. प्रोग्रॅममधून उडी मारून एका वेगळ्या तुकड्याकडं जायचं, तो चालवायचा आणि पुन्हा जागेवर यायचं, हे काही तिच्या डोक्यात बसेना. कडुनिंबाच्या पारावर वही मांडून ती कोमेजून बसली होती. रुपचंद येऊन बसला, मधे दोन वह्यांचं अंतर ठेवून.

"कीर्तनात कडवं संपलं की आपण कुठं येतो?"

"ध्रुपदावर."

"आणि ध्रुपद म्हणून झालं की?"

"पुढच्या कडव्यावर."

"मागच्या नाही ना?"

"मागच्या कशाला? ते तर म्हणून झालं—" जिवली बोलता बोलता थांबली. वहीकडं पाहिलं. "अरे देवा. एवढंच?"

"एवढंच. ध्रुपद एकदाच लिहायचं, हवं तेव्हा तिथं जायचं."

"मग वर्गात असं का नाही सांगत तुम्ही?"

"वर्गात तू विचारत नाहीस." तोंडातून गेलं आणि तो दचकला. "म्हणजे... तुम्ही."

जिवलीनं वहीच्या कोपऱ्यात उगाच एक रेघ ओढली. "असू दे. तू बरं आहे."

पुढच्याच शुक्रवारी सरांनी हरवलेल्या मेंढराचं आख्यान लावलं. शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकलं. स्वतः रचलेलं पद सर आळवून आळवून म्हणत होते:

*नव्व्याण्णव घरी । एक ती डोंगरी ।*
*धनी तो माघारी । निघे पुन्हा ॥*

आणि मधेच थांबून म्हणाले, "पोरांनो, शंभर ओळींचा प्रोग्रॅम चालत नाही तेव्हा काय करता? नव्व्याण्णव बरोबर आहेत म्हणून रुसून बसता? अरे, त्या एकीच्या मागं जा." मंदिरात हशा पिकला. पण दुसऱ्या दिवशी तीन दिवस न सापडलेली चूक जिवलीनं अर्ध्या तासात धरली, तेच पद पुटपुटत. तेव्हापासून तिला सवयच लागली. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ ती चालीवर म्हणायची. निंबा नावाचा एक टवाळ वर्गात होता, तो म्हणायचा, "जिवलीबुवा आल्या, टाळ आणा." टाळ आणायला रुपचंद तयारच असायचा.

असं वर्ष सरलं. दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर लिहिलं: दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब येणार. प्रत्येकानं स्वतःचा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. सोळांतला एक ते घेऊन जातील.

सोळांत एक. सगळ्यांना ठाऊक होतं, खरी चुरस दोघांतच आहे. रुपचंदनं केळीला पाणी कधी आणि किती द्यायचं, ते सांगणारा प्रोग्रॅम केला होता. जिवलीचा होता गाड्यांचा. गावाचं नाव द्या, गाडी कुठली, किती वाजता, कुठं बदलायची, सगळं पडद्यावर. वर्षभर ती त्यात बुडून होती. निवड झाली नाही, तर पाड्यावर परत जायचं आणि शिकलेलं विसरायचं, एवढंच तिच्यापुढं उरलं होतं. पायवाटेच्या टोकाला संगणक कुठून येणार?

दसऱ्याच्या सुटीत संगणकाच्या खोलीला रंग द्यायचा ठरला. सरांनी ज्याची त्याची फ्लॉपी ज्याच्या त्याच्या हाती दिली. तुम्ही पोरींनी पाहिली नसेल. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. मधे एक लांबट फट, तिच्यातून यंत्र आतलं वाचायचं. तिथं बोटही लावायचं नाही. तेव्हा ती इतकी दुर्मीळ की माणशी एकच मिळाली होती. वर्षभराचं काम त्या एका पापडात.

गाडीत बसल्यावर रुपचंद म्हणाला, "तुझ्या घरी चुलीचा धूर असेल ना?"

"असणारच. चूल आहे म्हटल्यावर."

"मग... माझ्याकडं दे. आमच्याकडं लोखंडी कपाट आहे."

जिवलीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "सोळांत एक निवडणार आहेत, ठाऊक आहे ना? आणि माझी फ्लॉपी तुझ्या कपाटात?"

"विश्वास नसेल तर राहू दे."

"विश्वास नसता तर एव्हाना पिशवीच्या तळाशी दडवली असती," ती म्हणाली, आणि फ्लॉपी त्याच्या ओंजळीत ठेवली. बोटांना बोटं लागली. अमळनेर येईपर्यंत मग दोघंही खिडकीबाहेर कापूस बघत राहिले.

रुपचंदनं स्वतःची फ्लॉपी कपड्यांच्या पिशवीतच राहू दिली. जिवलीची मात्र कपाटात, आईच्या शालूच्या घडीत ठेवली. आणि तिथंच घात झाला.

दसऱ्याच्या सकाळी तो आपट्याची पानं आणायला गेला. परत आला तर ओट्यावर पूजा मांडलेली. नांगर, कुदळ, केळी कापायचा विळा, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर... आणि मधोमध पाटावर जिवलीची फ्लॉपी. वर झेंडूचं फूल. आणि त्या लांबट फटीत, अगदी नेमकं, ओलं हळदकुंकू.

"माय... हाई काय करं तू?"

त्याची आई सुंदरबाई कौतुकानं म्हणाली, "कपाटमा सापडनं. म्हनं, मन्हा पोऱ्यानं औजार शे, त्याले कसं इसरू? आनि देख नं, कुकू लावाले कपाळनी जागाबी सोडेल शे त्याले."

"माय, हाई मन्हं नही. एक पोरनं शे. जिवलीनं."

सुंदरबाईनं फ्लॉपीकडं पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडं. आयांना काय सांगावं लागतं? "मंग तं बठ्ठं बराबर शे," म्हणत, सगळंच जुळून आल्यासारखी ती हसली.

पण रुपचंद हसला नाही. फडक्यानं फट पुसायला गेला, तर कुंकू आणखी आत गेलं आणि आतल्या काळ्या चकतीवर चरा उमटला. वर्षभराचं काम गेलं, हे त्यानं जेव्हा समजावून सांगितलं, तेव्हा सुंदरबाई मटकन खाली बसली. मग उठली, खापरावरचे चार मांडे फडक्यात बांधले आणि त्याच्या हातात दिले.

"जाय. आते जाय तिनाकडे. सण ऱ्हाऊ दे."

तो निघाला. डांबरी रस्ता संपला तिथं गाडीनं सोडलं. पुढं पायवाट. चार कोस. पहिल्या कोसात त्यानं काय बोलायचं ते ठरवलं, दुसऱ्यात विसरला. तिसऱ्यात हस्ताच्या सरीनं गाठलं आणि स्लिपर चिखलात अडकायला लागली. चौथ्यात त्याच्या ओठांवर सरांचं पद आपोआप आलं... एक ती डोंगरी.

एवढी पायपीट ती दर सुटीत करते. हसत करते. पोरींनो, माणूस प्रेमात कधी पडतो ते त्याला कळत नाही म्हणतात. रुपचंदला कळलं. तिसऱ्या आणि चौथ्या कोसाच्या मधे.

पाड्यावर जिवली अंगणात मक्याची कणसं सोलत होती. भिजलेला, चिखलानं माखलेला रुपचंद पाहून ती उभीच राहिली.

"माझ्या आईनं," तो म्हणाला, "तुझ्या फ्लॉपीला कुंकू लावलं."

जिवली खळखळून हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला.

"कुठं लावलं?"

"फटीत."

हातातलं कणीस खाली पडलं.

"आणि तुझी?"

"नीट आहे. ती पिशवीतच होती. तुझी होती, म्हणून कपाटात... शालूत ठेवली."

आतून आई दगडीबाई आणि बाप सिंगा बाहेर आले. जिवलीनं त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. सिंगानं पोराला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हे सांगायला चालत आलास?"

"हो, बाबा."

सिंगानं स्वतः पाण्याचा तांब्या पुढं केला. "लबाड माणूस एवढं चालत नाही," तो जिवलीला म्हणाला. "पाणी पी रे. उद्या आपण तिघं जाऊ. तुझ्या सरांना विचारू."

दुसऱ्या दिवशी जीवराम सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कागद?"

"वही आहे, सर. पण नंतर यंत्रावर केलेल्या दुरुस्त्या वहीत नाहीत. साठेक असतील."

"मग त्या कुठं आहेत?"

जिवलीनं खाली पाहिलं. "गळ्यात."

सर हसले, आणि रंगाच्या वासानं भरलेल्या त्या खोलीचं कुलूप त्यांनी काढलं. एक यंत्र मांडलं. रुपचंद पुढं झाला. "सर, माझं नाव काढून टाका. लोक म्हणतील, जागेसाठी मुद्दाम केलं."

"नाव काढलंस तर जागा तिनं मिळवली की तू सोडलीस, हे तिला जन्मभर कळणार नाही. दोघं दाखवा. तुझी यंत्राची वेळ कोणाला द्यायची, तेवढं तू ठरव."

त्यानं सगळी दिली. चोपड्याच्या टायपिंग क्लासमध्ये त्याची बोटं तयार झालेली. तीन दिवस, सकाळी सहापासून, जिवली ओळी म्हणायची आणि तो बडवायचा. दारात सिंगा बसलेला. निंबा डोकावून म्हणाला, "एकाच्या आईचं कुंकू, दुसरीचं कीर्तन... पत्रिका कधी छापायची?" सिंगा खाकरला, तसा निंबा पळाला.

जिथं तिला आठवेना, तिथं ती चार ओळी मागं जाऊन पुन्हा चाल धरायची, आणि हरवलेली ओळ आपल्या पायांनी यायची. रुपचंद ऐकत राहायचा. एवढं सगळं या सडपातळ पोरीच्या गळ्यात मावलं कसं?

तिसऱ्या सकाळी शेवटच्या पानावर तो थबकला. "ही ओळ कशाला? गाड्यांच्या यादीत नसलेलं गाव?"

"ज्यांच्याकडं गाडी जात नाही त्यांच्यासाठी."

त्यानं ती ओळ अगदी सावकाश टाइप केली. एकेक अक्षर. आणि जिवली पाहत होती, त्याची बोटं आज पहिल्यांदाच चुकत होती.

पाचव्या दिवशी साहेब आले. रुपचंदचा प्रोग्रॅम चालला, पण सराव कमी पडला. एका प्रश्नाला प्रोग्रॅमनं केळीला डिसेंबरातलं एकच पाणी दोनदा दिलं आणि साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग जिवली. धुळे, चोपडा, पिंप्राळा, दीपनगर... विचारतील त्याचं उत्तर पडद्यावर. साहेबांना पहिल्या रांगेत फेटा बांधलेला सिंगा दिसला. "बाबा, तुम्ही सांगा एखादं गाव."

सिंगानं आपल्या पाड्याचं नाव सांगितलं.

सगळ्यांना ठाऊक होतं, तिथं गाडी जात नाही. जिवलीनं नाव टाकलं. पडद्यावर अक्षरं उमटली ती तिनं वाचून दाखवली:

"या गावाला अजून गाडी नाही. चार कोस चालावं लागेल. पहाटे अडीच वाजता निघा, सहा चाळीसची मिळेल."

सिंगा मान डोलावत म्हणाला, "बरोबर. चार कोसच आहे."

आणि मागच्या रांगेतून रुपचंद म्हणाला, "मीही चालून आलोय. बरोबर आहे."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, जिवलीचं नाव लिहून घेतलं, आणि पुढची नावं वाचली नाहीत.

मार्गशीर्षात ती पुण्याला निघाली. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागलेली. सर आशीर्वाद देऊन बाजूला झाले, मुद्दामच. रुपचंद उभा, हातात तिची पत्र्याची पेटी.

"सरांनी मला इथंच शिकवायला राहा म्हटलंय," तो म्हणाला.

"राहा. ध्रुपद तुझ्यासारखं कोणी समजावणार नाही."

"जिवली... त्या दिवशी मी फ्लॉपीचं सांगायला आलो होतो. पण चौथ्या कोसापर्यंत सांगायचं दुसरंच झालं होतं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"फ्लॉपीसाठी माणूस वाटेनं पद म्हणत येत नाही. टेकडीवरून ऐकू येतं रे सगळं."

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या, श्रावणातल्यासारख्या. कंडक्टरनं घंटी दिली. जिवली चढली, खिडकीतून हात बाहेर काढला. हातात तीच फ्लॉपी होती, फटीत वाळलेलं कुंकू घेऊन.

"ही आईंना दे. आणि सांग, दसऱ्याला मी स्वतः येते. कुंकू वाया घालवू नका म्हणावं. जागा चुकली होती, कपाळ इकडं आहे."

गाडी हलली. आणि रुपचंद, टाळकरी माणूस, भर स्टँडवर हातातली पेटी द्यायची विसरून उभा राहिला. मग धावला. पेटी टपावर चढली तेव्हा गाडीतल्या बायका पदराआड हसत होत्या.

पुढल्या दसऱ्याला ती आली. चार माणसं कुजबुजली, डोंगराची पोर म्हणाली. सुंदरबाईनं एकाही कुजबुजीला उत्तर दिलं नाही. नांगराला, कुदळीला, स्टार्टरला कुंकू लावलं आणि तोच करंडा घेऊन दारात उभ्या असलेल्या जिवलीकडं गेली. या वेळी बोट चुकलं नाही.

जीवराम सरांची तसबीर कॉलेजात लागली आहे, त्यांना विसरायची कोणाची टाप नाही. सुंदरबाईची तसबीर मात्र कुठंच नाही. म्हणून माझं एवढं मागणं ऐका, पोरींनो. दसऱ्याला हत्यारं पुजाल, वह्या पुजाल, तुमची नवी यंत्रं पुजाल, तेव्हा बोटाला कुंकू लागताक्षणी तिची आठवण काढा. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं... पण लेकाच्या तोंडावरचं नाव तिनं पहिल्या नजरेत वाचलं होतं.